बारा हजारांतली सायकल

मांडवीतल्या सायकलच्या दुकानात जाण्याआधी मी वहीत एकच आकडा लिहिला होता: बारा हजार. समा भागातल्या दोन मुलींच्या शिकवण्या घेऊन वर्षभरात एवढेच साठले होते. कॉलेजातले सहा-सात जण रविवारी गिअरच्या सायकलींवरून पावागढच्या पायथ्यापर्यंत जातात. मलाही जायचं होतं. पण त्यासाठी बाबांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं. घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. फी ते भरतातच.

तरी बाबांना बरोबर नेलं. ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर आहेत, आणि मला दुकानदाराशी एकटीने बोलायची भीती वाटत होती. त्यांच्याच सायकलवर डबलसीट गेलो.

निळी सायकल मला दारातूनच आवडली. एकवीस गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत अकरा हजार आठशे. मी लगेच हो म्हणून टाकलं.

"बेन, स्टँड अलग," दुकानदार म्हणाला. "मडगार्ड, लॉक, हेल्मेट, बधुं अलग."

हे सगळं वेगळं घ्यावं लागतं, हे मला माहीतच नव्हतं. बाबांच्या सायकलला स्टँड, घंटी, कॅरिअर सगळं जन्मापासून असल्यासारखं. आता दोन हजार तरी वर जाणार होते. बाबांचा हात शर्टाच्या आतल्या खिशाकडे गेला. म्हणजे ते घरूनच तयारीने आले होते.

"बाबा, नको."

"अगं, एवढ्यासाठी कशाला..."

"नको ना."

मग त्यांनी हात रिकामाच मागे घेतला आणि कोपऱ्यातली राखाडी सायकल दाखवायला सांगितली. सात गिअर, साधे ब्रेक, नऊ हजार चारशे. मागचं चाक उचलून त्यांनी जोरात फिरवलं आणि कान जवळ नेला.

"काका, सायकल छे, एंजिन नथी," दुकानदार हसला.

"फरे ए बधुं सरखुं," बाबा म्हणाले. फिरतं ते सगळं त्यांना सारखंच. चाक थांबेपर्यंत त्यांनी कान काढला नाही. मग मला म्हणाले, "आवाज नाही. घे."

हेल्मेटसकट सगळं बारा हजारांच्या आत बसलं. निघताना मी निळीकडे एकदा वळून पाहिलं, खोटं कशाला बोलू.

घरी जाताना नवी बाबांना दिली, त्यांची मी घेतली. प्रतापनगरच्या पुलाच्या चढावर त्यांनी गिअर चुकीचा बदलला आणि त्यांचे पाय नुसतेच गरगर फिरले. वर पोचल्यावर सायकल स्टँडवर लावून ते माझी वाट बघत उभे राहिले.

"चढ यायच्या आधीच बदलायचा," ते म्हणाले. "रविवारी लक्षात ठेव."