पाटीपुरती धूळ

आमच्या विद्यापीठाच्या ग्रीक-रोमन संग्रहालयात झाडलोट करणाऱ्या मावशींवर अन्याय झाला तो उद्घाटनाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, फीत कापल्यावर लगेच. पाहुण्यांनी मधल्या कपाटावरचा पडदा ओढला आणि आतली पाटी सगळ्यांना दिसली : ‘रोमन मद्यकुंभाची मान. शोध : विभागप्रमुख.’ मावशी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सर, ही माज्या घरची हाय."

कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. मावशींचा आवाज त्यात गेला.

पनवेलला राहून तुम्ही हे संग्रहालय पाहिलं नसेल, तर तुमचाही फार दोष नाही. एकच दालन आहे. प्लास्टरचे पुतळे, थोडी नाणी, दोन मातीचे दिवे, सगळं बाहेरून आलेलं. इथल्या मातीतून निघालेली वस्तू एकच, ती मान. मावशी उरणकडच्या मिठागरवाल्या घरातल्या. बांध दुरुस्त करताना त्यांच्या वडिलांच्या फावड्याला ती लागली. दोन कान असलेलं, खालून फुटलेलं मातीचं नरसाळं. त्यांनी ते तोंडावर पालथं ठेवलं, वर पाण्याचं मडकं बसवलं. मडकं हललं नाही. पुढं कितीतरी वर्षं त्या घराचं पाणी त्या अडणीवर राहिलं.

दालनाची मांडणी चालू होती तेव्हा मी तिथे फुकट राबणारी विद्यार्थिनी होते. भिंतीवर अख्ख्या कुंभाचं चित्र लागलं. मावशी फडकं हातात धरून बघत राहिल्या. "ही तं आमची आडनी!" आम्ही हसलो. मीसुद्धा हसले, हे लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोधडीत गुंडाळून ती आणली, आणि विभागप्रमुखांचं हसू थांबलं. यात रोमची दारू यायची, असं त्यांनी सांगितल्यावर मावशींनी कपाळावर हात मारला. "माजा बापूस माळकरी! आनि जलमभर पानी दारूच्या भांड्यावर!"

मागितलं काय होतं? एकच गोष्ट. पाटीवर बापाचं नाव. तसा अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कार्यालयात दिला होता. सर "बघू" म्हणाले होते.

उद्घाटनानंतर मावशींनी भांडण केलं नाही. रोज सकाळी त्या सगळ्या काचा लखलखीत करायच्या. बघायला आलेल्या पोरी उघड्या पुतळ्यांपुढे लाजल्या की म्हणायच्या, "बगा गो, बगा. कपडा नाय, पन आटी बगा कपालावर. मोटा सायब असल." मधल्या कपाटाची काचही पुसायच्या, फक्त पाटीसमोरचा तळहाताएवढा भाग सोडून. तिथे धूळ साचत गेली. आठवड्यात अक्षरं पुसट झाली, महिन्यात दिसेनाशी.

सर आले. "मावशी, इथलं राहिलं."

"राह्यला नाय. ठेवलाय."

"का?"

"पुसला तं लोकं वाचतील ना सर. तुमचीच लाज झाकलीय मी."

मला राहवलं नाही. पत्रक काढलं : ‘गरीब, अशिक्षित कामगार महिलेची लूट!’ दोनशे प्रती छापल्या. मावशींनी एक वाचली, पूर्ण, सावकाश. "गरीब कोन गो बाय? आमचा मिठागर व्हता. आनि अशिक्षित असती तं पाटी वाचली असती का?" दोनशेच्या दोनशे रद्दीत गेल्या. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात योग्य संपादन ते.

कंत्राट संपलं तेव्हा मावशींना पुन्हा घेतलं नाही. शेरा असा : ‘काचा नीट पुसत नाहीत.’ शेवटच्या दिवशी फडकं धुऊन, पिळून, त्यांनी ते दाराच्या कडीवर वाळत घातलं. मधल्या कपाटापाशी थांबल्या, त्या धुळीवर बोट टेकवलं, आणि न पुसता तसंच उचललं. आता तळोज्याला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये भाकऱ्या भाजतात. मी नव्या पत्रकाबद्दल विचारायला गेले तेव्हा तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "बाबाचा नाव पयला थितं लागूदे. मंग तुज्या कागदावर." म्हणून या लेखात नाव नाही. त्यांचंही नाही.

काच आता रोज पुसली जाते. खोटं अगदी स्वच्छ दिसतं.

ते नाव विभागाला माहीत आहे. मावशींचा अर्ज फायलीत आहे. तेव्हा हळहळू नका, मला ‘छान लिहिलंस’ म्हणू नका. संग्रहालयात जा. मधल्या कपाटासमोर उभे राहा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा : ही अडणी कोणाच्या घरची? उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.