हर्डीकरांचं विश्वकल्याण

भालचंद्र हर्डीकर केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होते, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरली तरी सेक्शन ऑफिसरच होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं त्यांना ओलांडून वर गेली होती. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरमधलं सरकारी क्वार्टर सोडून त्यांनी गाझियाबादच्या नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. बाल्कनीतून मॉल दिसतो, एवढाच काय तो त्यांचा उत्कर्ष. आपलं एक तरी काम कुणाच्या उपयोगी पडलं, असं कुणीतरी म्हणावं, ही त्यांची भूक. ती भूक भागवायला घरात कॉम्प्युटर आला.

कृतिका, त्यांची मुलगी, हॉस्टेलवर जाताना त्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून गेली आणि सोबत एक फुकटचा प्रोग्रॅम. परदेशातली एक प्रयोगशाळा नव्या औषधांसाठी लागणारी गणितं इंटरनेटवरून घरोघरच्या कॉम्प्युटरना वाटते. मशीन ती सोडवून परत धाडतं. पैसा मिळत नाही, गुण मिळतात आणि वेबसाइटवर नाव लागतं. आपल्याकडे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात. भालचंद्र त्याला संशोधन म्हणू लागले.

गुणांच्या यादीला ते सीनिऑरिटी लिस्ट म्हणत. भारतात त्यांचा नंबर चारशे बारावा होता. रोज सकाळी दात घासायच्या आधी नंबर बघायचा आणि मागे पडलेल्याबद्दल चहाच्या वेळी हळहळायचं. "बिचारा हैदराबादचा होता. डायरेक्ट सुपरसीड झाला!" काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली की ते हात पाठीमागे बांधून उभे राहत, जणू ती अक्षरं त्यांनीच लिहिली होती.

२००६च्या उन्हाळ्यात गाझियाबादची वीज दिवसाचे सहा-सहा तास जाऊ लागली. घरच्या जुनाट इन्व्हर्टरवर एक तर हॉलचा पंखा चाले, नाहीतर कॉम्प्युटर. पद्मजा, त्यांची बायको, शाळेत शिकवून दुपारी दोनला घामाने निथळत घरी येई आणि वर्तमानपत्राने वारा घेत बसे.

"अहो, तासभर तरी पंखा लावा ना."

"पद्मजा, तिकडे कॅन्सरचं औषध अडकलंय."

अशा वाक्यावर माणूस काय बोलणार? कॅन्सरपुढे घामोळ्यांचं काय चालतं! पद्मजाने बोलणं सोडलं आणि घामोळ्यांची पावडर आणली.

सोसायटीच्या तिन्ही बाजूंना बांधकामं चालू होती, त्यामुळे घरात धूळच धूळ. म्हणून एप्रिलमध्ये भालचंद्रांनी स्कूटरच्या सीटा शिवणाऱ्याकडून मशीनला मापात रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. मशीन रात्रंदिवस चालू आणि कव्हर रात्रंदिवस अंगावर. फक्त वायरींपुरती भोकं होती.

एप्रिलच्या शेवटी गुण वाढायचे थांबले. दुसरा कुणी असता तर काय बिघडलं ते बघितलं असतं. पण सरकारी माणसाला थांबलेली गोष्ट बिघडलेली वाटत नाही, विचाराधीन वाटते. भालचंद्रांनी जावक क्रमांक घालून एक स्मरणपत्र ईमेलने धाडलं, महिन्याने दुसरं धाडलं. उत्तर आलं नाही, तेव्हा त्यांचा आदर उलट वाढला. "शिस्तीचं ऑफिस दिसतंय." नंबर घसरून सहाशेच्या पुढे गेला, तेव्हा म्हणाले, "वशिला. तिकडेही चालतो."

भालचंद्रांच्याच तोंडून या संशोधनाची कीर्ती ऐकून जुलैत दिल्लीच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला. पत्रिका छापल्या गेल्या. कृतिका सुट्टीला आली होती. सत्काराच्या आदल्या दिवशी प्रमाणपत्र छापून द्यायला तिने वेबसाइट उघडली आणि यादी दोनदा खालपर्यंत वाचली.

"बाबा, एप्रिलपासून सगळं रिजेक्ट आहे."

"पेंडिंग असेल."

"रिजेक्ट, बाबा. एकच गणित दोन-तीन घरांत पाठवतात. उत्तरं जुळली तरच धरतात. तुमचं एकही जुळलेलं नाही." तिने कव्हर ओढून काढलं, मशीनच्या पत्र्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "इतकं तापल्यावर बरोबर गणित कसं येणार?"

उन्हाळाभराची सगळी मेहनत मुसळासारखी केरात गेली होती. स्वयंपाकघराच्या दारात पद्मजा उभी होती. तिने सगळं ऐकलं आणि आत जाऊन कुकर लावला.

माणूस पोकळ होता, पण खोटा नव्हता. रविवारी सकाळी मंडळाच्या हॉलमध्ये अध्यक्ष नरसिंहरावांनी "कॅन्सरवर संशोधन करणारे आपले हर्डीकरसाहेब" म्हणून शाल-नारळ दिला, तेव्हा भालचंद्र माइकपुढे उभे राहिले. "उन्हाळाभर मी पाठवलेलं प्रत्येक उत्तर चुकीचं निघालं," ते म्हणाले. "सगळं फेटाळलं गेलं. चूक माझी आहे. या शालीवर माझा हक्क नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "केवढा हा विनय!" नरसिंहराव गहिवरले. "चलो मंडळी, बटाटेवडे गरम आहेत."

दिल्लीचे ऑटो पुढे जात नाहीत, म्हणून परतताना यूपी बॉर्डरला ऑटो बदलावा लागला. शाल मांडीवर घेऊन भालचंद्र धुमसत होते. "दोनशे माणसं होती. एकानेही ऐकलं नाही!"

"मी ऐकलं," पद्मजा म्हणाली. "दोनशे लोकांना सांगितलंत. मला अजून सांगितलेलं नाही."

भालचंद्रांनी बाहेर बघितलं. "घरी बोलू. ऑटोच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

पद्मजा पुढे वाकली. "भैया, ज़रा साइड में लगाना. और इंजन बंद कर दो."

ऑटो कडेला थांबला, इंजिन बंद झालं. रस्त्याकडेला ऊन रणरणत होतं. पद्मजाच्या मानेवरची लाल पुरळ पदराबाहेर दिसत होती, आणि भालचंद्रांना ती त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच दिसली.

"बोला," ती म्हणाली.

भालचंद्र दोनदा खाकरले. कॅन्सर आठवला, वीजखातं आठवलं, धूळ आठवली. यातलं एकही कामाला येण्यासारखं नव्हतं.

"चुकलं माझं, पद्मजा. तुला फार छळलं मी."

पद्मजाने ड्रायव्हरला चलायला सांगितलं.