पाटावरची कुपी

झेंडूचा वास आला की धुळ्यातली ती खंडेनवमी आठवते. मी कॉलेजात संशोधन करत होते. इस्ट्रोजेन हार्मोनला पकडणारं, किड्याच्या पेशींत बनवलेलं माणसाचं प्रथिन मागवल्यावर सहा महिन्यांनी बर्फाच्या खोक्यातून आलं होतं. प्रयोगशाळेत शिरले तर शिपाई नानांनी सूक्ष्मदर्शकाशेजारी पाटावर त्या प्रथिनाची कुपी मांडून तिला हळदकुंकू वाहिलेलं! "नाना, फ्रीझरमधून का काढली?" मी ओरडले. ते गोंधळले, "ताई, माणूसनं शे ना हाई? मंग त्याले पूजामा नई ठेवानं का?" ते माणसाचं आहे, हे मीच त्यांना सांगितलं होतं. बाहेरच्या उबेनं प्रथिन वाया गेलं होतं. रडावं की रागवावं कळेना. मी चक्क हात जोडले. आता माझ्या प्रयोगशाळेत खंडेनवमीला मीच बंद फ्रीझरला माळ घालते नि हात जोडते. हात कुणाला जोडते, ते मात्र अजून उमगलेलं नाही.