टेबलाखालची डुबकी

"पिण्याच्या पाण्याचं पिंप आहे ते! तुमचं हे लोखंडी बाळ त्यात अंघोळीला बसवायचं नाही, सांगून ठेवते."

"बाळ नाही, बाटली आहे. आणि अंघोळ नाही, बुडबुडे बघायचेत. हवा कुठं गळतेय ते पाण्यातच कळणार ना?"

"बाथरूममध्ये बादली आहे."

"बादलीत मावत नाही गं."

"मग जे बादलीत मावत नाही ते घरात कशाला आणावं?"

"तू तरी कुठं मावतेस बादलीत?"

दारात मटार सोलत बसलेल्या सासूबाई खुदकन हसल्या आणि सुनेची नजर वळताच पुन्हा मटारांत डोकं घालून बसल्या. बोलण्यात नवरा जिंकला, पण पिंप काही त्याला मिळालं नाही. बाटली गेली कपडे भिजवायच्या टबात, आणि तो टबाशी उकिडवा बसून तिच्याकडे टक लावून बघू लागला. लग्नानंतर बायकोकडेही त्यानं कधी असं बघितलं नव्हतं.

सारी वस्ती त्याला पाणकोंबडा म्हणायची. बंदरात उभ्या असलेल्या बोटींच्या तळाला शेवाळ धरतं, शिंपले चिकटतात, तळ खडबडीत झाला की बोट जास्त तेल पिते. पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जायचं आणि तो तळ घासून काढायचा, हे त्याचं काम. "जगातली सगळ्यात मोठी करपलेली भांडी मी घासतो," असं तो पाहुण्यांना सांगे. घरातलं एखादं पातेलं त्यानं घासल्याचं मात्र कुणाला आठवत नव्हतं. मधूनमधून कुणाच्या पाण्यात पडलेल्या किल्ल्या, कुणाचा चष्मा तो वर आणून देई. एकदा एका म्हाताऱ्याची कवळी आणली होती, तीही धुऊन, पुसून, स्वच्छ रुमालात गुंडाळून. अशा माणसावर बाई रागावून रागावणार किती?

पण महिन्याभरापूर्वी एका मोठ्या बोटीखाली त्याच्या तोंडातल्या नळीत वाळू अडकली, आणि हवेऐवजी पाणीच आत आलं. कसाबसा वर आला, नावेच्या काठाला धरून ओकला, आणि जेवताना ती गोष्ट त्यानं गंमत म्हणून सांगितली. "पाण्यात आज मीठ जरा जास्तच होतं," म्हणाला. मुलगी हसली. बायकोचा घास हातातच राहिला.

इतकी वर्षं त्याचा जोडीदार वर नावेत बसायचा. याच्या कमरेच्या दोरीचं दुसरं टोक त्या जोडीदाराच्या मुठीत असायचं; वेळ झाली की तो हिसका देई, आणि हा वर येई. पण जोडीदाराचे गुडघे गेले आणि तो लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. तेव्हापासून दोरी असायची बोटीवरच्या कुणातरी पहारेकऱ्याकडे, आणि पहारेकऱ्याचं लक्ष असायचं फोनमध्ये.

"सोडा आता हे काम," ती म्हणाली होती. "नाक्यावर पंखे दुरुस्तीचं दुकान काढा. कोरडं काम आहे."

"पंख्याच्या पोटात काय सापडणार? ना किल्ली, ना कवळी," असं काहीतरी पुटपुटून तो उठून गेला, आणि पुढच्या आठवड्यात ही बाटली घेऊन आला. हातभर लांबीची छोटी टाकी. पाठीवरची मोठी दगा देऊ लागली तर वर येईपर्यंत श्वास पुरवणारी. बाटली जुनी होती, म्हणून तिनं आधी ती कारखान्यात दाबाखाली तपासून आणायला लावली. मानेवर शिक्का पडला तेव्हा कुठं बाटलीला उंबरा ओलांडू दिला. तोटी, नळी त्यानं ओळखीच्या दुकानातून आणली. राहिला फक्त अंगाला बांधायचा पट्टा. तो मात्र तो स्वतः शिवणार होता. "टाकी दुसऱ्याची चालते, पट्टा आपल्या हातचा हवा," म्हणाला. कापड बायकोचंच उचललं होतं, ती गोष्ट वेगळी. ती बोटींवर घालायची ताडपत्रीची आच्छादनं शिवत असे, आणि तिच्या जाड पट्ट्याच्या गुंडाळीतून एक लांबलचक तुकडा सकाळीच नाहीसा झाला होता.

टबात एकही बुडबुडा आला नाही. संध्याकाळी स्वारी पट्टा चढवून बाहेरच्या खोलीत आली. डाव्या कुशीला बाटली, कमरेला डाव्या बाजूला खोचलेली नळी.

"बाबा, गॅसवाले दिसताय अगदी," मुलगी म्हणाली.

"बोल आता," तो बायकोला म्हणाला. "उजवा हात असा न्यायचा, नळी काढायची, तोंडात घालायची. झालं."

मशीनवरून मान वर करून ती बघत राहिली. उभ्यानं माप घ्यावं आणि माणूस खाली बसला की शिवण फाटावी, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं.

"उभ्यानं काय दाखवता? काम उताणं पडून करता ना? व्हा टेबलाखाली."

तो हसत हसत जेवणाच्या टेबलाखाली शिरला. खालचं पाणी गढूळ असतं, आपलाच हात दिसत नाही, म्हणून तिनं त्याच्या डोळ्यांवर कापडाची पट्टी बांधली. हातात उलथनं दिलं. बोटीखाली करायचा तसाच त्यानं डावा तळवा वर लाकडाला टेकवला आणि उजव्या हातानं खरवडायला सुरुवात केली. तळवा सुटला की माणूस अंधारात वाट चुकतो, म्हणून काही झालं तरी तो हात काढायचा नाही, ही त्याची जन्माची सवय.

"त्या कोपऱ्यात जळमटं आहेत बघ," सासूबाई वाकून म्हणाल्या. "आलाच आहेस तर काढून टाक."

"हवा गेली!" बायको ओरडली.

त्यानं श्वास धरला. उजवा हात पोटावरून डाव्या कमरेकडे गेला. नळी तिथं नव्हती. उताणं पडल्यावर पट्टा फिरला होता आणि नळी पाठीखाली दबली होती. हात चाचपडू लागला, छातीवर, बरगडीवर, पुन्हा कमरेवर. डावा हात मदतीला येईना, तो लाकडाला चिकटलेलाच. मुलीचं हसू मधेच थांबलं. त्याचा चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा ताठल्या, आणि शेवटी डोळ्यांवरची पट्टी ओढून काढत त्यानं खोलीतली हवा घटाघटा घेतली.

बायकोनं हात पुढे केला.

"काढा तो पट्टा," ती म्हणाली.

त्याची शिवण तिनं सरळ उसवली. "पोतं शिवलंय नुसतं," एवढंच बोलली. एकाऐवजी दोन पट्टे घातले, एक छातीवर, एक खाली, म्हणजे बाटली हलायला नको. मग जुन्या परकराचं इलास्टिक काढून त्याची गाठ मारली, त्यात नळीचं तोंड अडकवलं आणि ते त्याच्या गळ्यात, हनुवटीच्या खाली लोंबतं ठेवलं.

"हात लावायलाच नको. मान खाली घातली की तोंडात."

"गळ्यात पट्टा घातलास की मला."

"उशीरच झाला घालायला."

पुन्हा टेबलाखाली. "हवा गेली!" त्यानं हनुवटी खाली दाबली, नळी ओठांत धरली, फुस्स करून श्वास आला. मुलीनं टाळ्या वाजवल्या. पुन्हा केलं, पुन्हा जमलं. सासूबाईंनी मटाराचा दाणा तोंडात टाकत मान डोलावली. घरातली हवाच एकदम हलकी झाली.

मग तिनं त्याला घासू दिलं. लाकडाला जुना डिंक वाळून बसला होता, तो काढण्यात तो अगदी रंगून गेला, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "हवा गेली!"

श्वास थांबला, पण उलथनं थांबलं नाही.

"अहो!"

डिंकाचा उरलेला कपचा उडाला. मग सावकाश हनुवटी खाली आली, फुस्स झालं, आणि उलथनं पुन्हा चालू.

केसांत जळमटं घेऊन तो बाहेर आला तो खूश होऊन. "नामी झालंय! आजवर हवा संपत आली की काम अर्धवट टाकून वर पळावं लागायचं. आता तेवढा कोपरा उरकूनच येईन."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. वर यायला दिलेला श्वास हा माणूस खाली राहण्यात खर्च करणार होता. त्यात ना हावरेपणा होता ना शौर्य. हातातलं काम अपुरं टाकणं त्याला जमतच नव्हतं. कवळी पुसून रुमालात गुंडाळणारा हाच तो माणूस, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं आवडायचं तेही नेमकं हेच. पट्टा तिनं चोख शिवला होता. पण थांब म्हणून सांगायला पट्ट्याला तोंड नव्हतं.

ती चिडली नाही. दातांनी दोरा तोडला, मशीनवर झाकण ठेवलं. मुलगी टेबलाखालचा कचरा काढत होती, सासूबाई मटारांची परात उचलत होत्या, नवरा आरशासमोर गळ्यातली नळी तोंडात धरून बघत होता.

"उद्यापासून नावेत दोरी धरून मी बसणार आहे," ती म्हणाली. "शिलाई दुपारनंतर. सकाळचा स्वयंपाक तुम्ही तिघं आपसांत वाटून घ्या. आणि मी दोरी ओढली की कोपरा राहिला असेल तर राहू दे, वर यायचं."