फ्युर्श्टेगॉटचं अख्खं नाव

आमच्या डोंगरात लाकडाची खेळणी करणारे पुष्कळ, पण फ्युर्श्टेगॉट मेल्त्सरसारखा हात कुणाचा नव्हता. भिजवलेल्या लाकडाचं गोल कडं तो लेथवर कोरायचा. मग त्याच्या फोडी पाडल्या की एकेक घोडा नाहीतर मेंढरू बाहेर पडायचं. फोड पडेपर्यंत आत काय आहे ते कुणाला दिसत नाही.

त्याच्या नावाचा अर्थ आमच्या जर्मन भाषेत सरळ आहे: देवाला भी. आमच्या पणजोबांच्याही पणजोबांच्या काळात इथल्या भाविकांना संतांची जुनी नावं पुरेनात. पोराला जन्मभर ऐकू येईल असा उपदेशच त्यांनी नावात घातला. बाप्तिस्म्याला धर्मपित्याचं नाव द्यायची रीत, म्हणून ती नावं टिकली. माझं नाव ट्राउगॉट, म्हणजे देवावर भरवसा ठेव. ठेवला तो कसा, ते पुढे येतंच.

एकोणीसशे त्रेपन्न साली आमचा खेळण्यांचा कारखाना सरकारी झाला आणि म्हातारा मुख्य कारागीर घरी बसला. ती जागा फ्युर्श्टेगॉटचीच, हे भिंतींनाही ठाऊक होतं. कड्याची विद्या नव्या पोरांना शिकवायचा हक्क त्या जागेलाच होता, आणि त्याला दुसरं काही नकोच होतं. त्याच्या बायकोने, हुल्डाने, सगळ्या कारखान्यासाठी बटाट्याची धिरडीसुद्धा करून पाठवली.

कम्युनिस्ट पक्षाचा माणूस पेट्झोल्ड मुख्य कारागिराच्या नावाचा फलक घेऊन आला. "कॉम्रेड मेल्त्सर, अभिनंदन! फक्त फलकावर 'एफ. मेल्त्सर' लिहू. नाहीतर 'फ्रिट्झ' म्हणा, कसं सुटसुटीत!"

"फ्रिट्झ आमच्या शेजाऱ्याचा बोकड आहे," फ्युर्श्टेगॉट म्हणाला.

आम्ही हसलो. पेट्झोल्ड हसला नाही. "हे नाव नव्या काळात शोभत नाही. आणि वरच्यांशी वाकडं घेतलं तर काय होतं, ठाऊक आहे ना? भीती नाही वाटत?"

फ्युर्श्टेगॉटने हात पुसले. "नावातच सांगून ठेवलंय ना, कुणाला भ्यायचं ते. त्या यादीत एकच जण आहे, कॉम्रेड. तुम्ही नाही."

पेट्झोल्डची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "आणि तुम्ही?"

मी म्हणालो, "'टी.' चालेल."

जागा मला मिळाली. लाज वाटली, पण घेतली. धिरडी तशीच गार झाली. फ्युर्श्टेगॉट जाता जाता एवढंच बोलला, "फोड पाडली बघ, मेंढरू निघालं."

पुढची बावीस वर्षं तो माझ्या हाताखाली साधा कामगार राहिला. कड्याची विद्या त्याला एकाही पोराला शिकवता आली नाही. पण रोज सकाळी, पेट्झोल्ड समोर उभा असला तर मुद्दाम दुप्पट आवाजात, तो लेथवरून ओरडायचा, "ट्राउगॉट! लाकूड नीट भिजलंय का रे?" बाकी सगळ्यांसाठी मी कॉम्रेड टी. होतो. माझं नाव त्या माणसाने जिवंत ठेवलं, आणि मला त्याचा राग यायचा.

पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी लेथ सुरू झाले, पण हाक आली नाही. मी दुपारपर्यंत वाट पाहिली.

मग रंगाचा डबा घेतला आणि सगळ्यांदेखत त्या फलकासमोर स्टुलावर चढलो. पेट्झोल्ड खालून ओरडला, "काय चाललंय हे? खाली उतरा!"

"आधी लिहून होऊ दे," मी म्हणालो. आधी फ्युर्श्टेगॉटचं अख्खं नाव लिहिलं, मग त्याच्या खाली माझं.