मल्लूच्या बाटल्या

भूत, करणी, बाहेरचं... असलं काही सांगायला कुणी आलं की मी त्याला उडवून लावत आलोय. केमिस्ट्री शिकवण्यात जन्म गेला माझा. तरी हे लिहितोय, कारण मनात ठेवून ठेवून आता वीट आलाय. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी सोलापुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो. प्रोजेक्ट होता सीना नदीच्या पाण्याच्या तपासणीचा. जागा — तिऱ्ह्याच्या पुलाच्या वरच्या अंगाचा डोह. सकाळचे दहा, लख्ख ऊन. होडी कुठली मिळायला? एका कोळ्याकडे गुळाचा रस उकळायची जुनी काहील होती, ती पसरट मोठी कढईच पाण्यात सोडली. तो वल्हवणार, मी आणि माझ्या वर्गातला मल्लिनाथ नमुने घेणार, सर काठावर छत्री उघडून बसणार.

मल्लू अक्कलकोटकडचा. घरात कन्नड, आमच्यात मराठी. हुशार, पण बुजरा. त्यांच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला तो पहिलाच.

काम सोपं होतं. बाटली पाण्याखाली धरून भरायची आणि तिथंच काहिलीत बसून तिच्यात दोन औषधं घालायची. पाण्यात ऑक्सिजन असला तर तपकिरी साका बसतो, नसला तर पांढरा. माझी बाटली तपकिरी झाली. मल्लूची पांढरीफेक. अरे, शेजारीच मासे उड्या मारत होते! मग आम्ही बाटल्या बदलल्या, जागा बदलल्या, औषधं मी माझ्या हातानं घातली... मल्लूनं भरलेली प्रत्येक बाटली पांढरी. सहाच्या सहा. मी भरलेल्या सगळ्या तपकिरी.

कोळी वल्हं थांबवून बघत होता. "ह्या पोराला आता पान्यात हात घालू देऊ नगा," एवढंच बोलला आणि काहील काठाला लावली. का, असं विचारलं तर म्हणाला, "मला न्हाय ठावं."

सर भडकले. "मासे जगतात त्या पाण्यात ऑक्सिजन शून्य? थट्टा चालवलीय? तुझ्या जर्नलवर मी सही करणार नाही." सही नाही म्हणजे प्रॅक्टिकलला बसता येत नाही. म्हणजे डिग्री गेली. मल्लू रडकुंडीला आला. "सर, ह्यानं बघितलंय की. ह्याला इचारा."

सर माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "माझं लक्ष नव्हतं, सर."

मल्लू नंतर कॉलेजात आला नाही. चार-पाच वर्षांनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिसला. टॉवेलच्या कारखान्यातून सायकल ढकलत बाहेर येत होता. मी तोवर त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर. वाटलं, शिव्या घालेल. त्यानं चहा पाजला.

"का झालं आसंल रे तसं?" त्यानं विचारलं. औषध जुनं असेल, बाटली नीट धुतली नसेल — असली पुस्तकी बडबड मी केली. लाज वाटायला हवी होती मला. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आसंल. पर तू बघितलं हुतंस की," म्हणाला, आणि सायकलवर टांग टाकून गेला.

ती चाचणी नंतर मी शेकडो वेळा केली, पोरांकडून करून घेतली. त्या सहा बाटल्यांचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. मी खोटं का बोललो, हे मल्लूनं कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. सरांनी माझ्या जर्नलवर त्याच संध्याकाळी सही केली होती.