तीन आवाजांचा भोंगा

सकाळी कुकर चढवून ओट्यापाशी उभी होते, तेव्हा शुभाचा फोन आला. शुभा म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, वसंतभावोजींची मुलगी. "काकी, बाबा गेले. झोपेतच गेले," ती म्हणाली. तेवढ्यात माझ्या कुकरची शिट्टी झाली. भावोजी घरात असते तर आतल्या खोलीतून त्यांचा शेरा आलाच असता, "वहिनी, तुमचा भोंगा घोगरा झालाय. साफ करा त्याला." कुकरच्या शिट्टीलाही ते भोंगाच म्हणत. वाफेवर बोलतो तो भोंगा, मग तो स्वयंपाकघरात असो की गिरणीच्या छपरावर, असं त्यांचं मत होतं आणि त्यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसे.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. माझी नातवंडं, इरा आणि निषाद, कॅनडात असतात. त्यांचे हे भोंगाआजोबा. त्यांच्याबद्दल लिहून पाठव, असा दोघांचा आग्रह आहे. त्यांना मराठी वाचता येतं, जरा थांबत थांबत. म्हणून मी सगळं क्रमाने सांगणार आहे. ज्या वाचकांच्या लहानपणी भोंगा होता, त्यांनी थोडं सांभाळून घ्यावं.

मी गिरगावातली. इंग्रजी शाळेत शिकले, पुढे तशाच एका शाळेत विज्ञान शिकवलं. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले आणि पहिल्याच पहाटे दचकून उठून बसले. कुठून तरी एक भला मोठा आवाज आला होता, तो विरतो न विरतो तोच दुसरा, मग तिसरा. बाहेर गॅलरीत वसंतभावोजी दात घासत उभे होते. ते एका गिरणीच्या बॉयलरवर कामाला होते, नुकतेच लागले होते. "घाबरू नका वहिनी," ते म्हणाले, "हा पलीकडच्या गिरणीचा, म्हशीसारखा हंबरतो तो. तो किरकिऱ्या आवाजाचा नाक्यावरचा. आणि आता ऐका, हा आमचा." त्यांचा भोंगा वाजला तेव्हा भावोजींनी घासणं थांबवलं आणि मान किंचित तिरकी केली. घरातला कोणी गायला बसला की आपण करतो तशी. त्या भोंग्यात तीन सूर एकदम लागत होते. मला ते ऐकू आले म्हटल्यावर माझ्याबद्दलचं त्यांचं मत चांगलं झालं ते कायमचं.

भोंगा कसा बोलतो हे त्यांनी मला जेवणाच्या पानावर दाखवलं. खाली एक वाटी ठेवायची. वाटीच्या तोंडावर तिच्यापेक्षा अगदी किंचित लहान चकती, म्हणजे कडेने गोल अशी बारीक फट राहते. वर पेला उपडा धरायचा, पण वाटीला टेकवायचा नाही, मध्ये अंतर ठेवायचं. मधून एक दांडी जाते, तिच्यावर पेला आट्यांनी बसवलेला असतो, वरखाली करता येतो. साखळी ओढली की व्हॉल्व्ह उघडतो, वाफ वाटीत भरते, फटीतून पातळ पडद्यासारखी वर उसळते आणि पेल्याच्या धारेवर आपटते. मग पेल्यातली वाफ थरथरते आणि तोच आवाज. पेला लांब असेल तर आवाज खर्जातला, आखूड असेल तर चिरका. काही भोंग्यांत पेल्याच्या आत दट्ट्या असतो, तो सरकवला की आवाज चढतो, उतरतो. आणि भावोजींच्या भोंग्याच्या पेल्यात उभे पडदे घालून तीन कप्पे केलेले होते, एक लांब, एक मध्यम, एक आखूड. त्यांची नावं होती थोरला, मधला आणि बारका. सासूबाई आपल्या मालवणीत म्हणाल्या, "वश्या, भात निवलो. आधी जेव, मगे थोरल्याबारक्याचा काय ता बघ."

पुढे गिरण्या बंद पडल्या. त्याची हकीगत मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे. भावोजींची गिरणी पाडायला घेतली तेव्हा ते तिथे गेले आणि भंगारवाल्याशी बोलून भोंगा घरी घेऊन आले. चाळ जाऊन जवळच करी रोडला टॉवर झाला, भावोजी वरच्या मजल्यावर राहायला गेले, भोंगाही गेला. देवघराशेजारी त्याची जागा ठरली. गिरणीत दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, ती प्रथा त्यांच्या पत्नीने, सुमतीने, घरात चालू ठेवली. दर दसऱ्याला ती भोंग्याला झेंडूची माळ घाली आणि हळदकुंकू वाही. भावोजी त्या दिवशी सकाळी आंघोळ करून भोंग्यासमोर उभे राहत. आमच्या घरात देवाला एवढ्या शिस्तीने कोणी नमस्कार केलेला मला आठवत नाही. सुमती गेली त्यालाही आता काही वर्षं झाली.

गेल्या वर्षी मी त्यांच्याकडे गेले असताना इरा-निषादचा व्हिडिओ कॉल आला. निषादने मागे चकाकणारी वस्तू पाहिली. "ते काय आहे?" भावोजींनी त्याला सगळं समजावलं, वाटी, पेला, फट. शेवटी निषाद म्हणाला, "मग वाजवून दाखवा ना." भावोजी थांबले. मुंबईत आता वाफ आहेच कुठे? त्यांनी मान हलवून "बघू" म्हटलं, पण कॉल संपल्यावर बराच वेळ त्या भोंग्याकडे बघत बसले. "वहिनी, माझ्या डोक्यात तो रोज वाजतो. पण ह्या पोरांना कसा ऐकवू? मी गेलो की डोक्यातलापण गेला."

त्यांनी ते मनावर घेतलं. ओळखीच्या एका गॅरेजात टायरमध्ये हवा भरायचा मोठा कॉम्प्रेसर होता. तिथे भोंगा जोडला, मीही गेले होते. हवा सोडली आणि एक जाड, बसका आवाज आला. गॅरेजवाले खूश झाले, कोणी टाळ्या वाजवल्या. भावोजींचा चेहरा मात्र उतरला. "हा आमचा नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांचं बोलणंच कमी झालं. शुभा म्हणाली, बाबा जेवतात, टीव्ही बघतात, पण भोंग्याचं नाव काढत नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "कानांनी दगा दिला म्हणावं, तर बाकी सगळं नीट ऐकू येतं. म्हणजे मी विसरलोच की काय... इतकी वर्षं चुकीचाच आवाज धरून बसलो होतो?"

मला त्यांची भीती कळली. आणि तिचं उत्तर मला शाळेत शिकवलेल्या धड्यात सापडलं. "भावोजी, आवाज हवेपेक्षा वाफेत जास्त वेगाने धावतो," मी म्हटलं. "म्हणून तोच पेला वाफेवर वरच्या पट्टीत बोलतो आणि हवेवर खालच्या. तुमची आठवण बरोबर आहे. हवा चुकीची होती." त्यांनी विचारलं, "नक्की?" "मुलांना शिकवलंय मी हे." "मुलांना काय, तुम्ही काहीही शिकवाल," ते म्हणाले, पण हसले, आणि उठून त्यांनी आपला जुना चहाचा कप स्वतः विसळला. गाडी रुळावर आल्याची ती खूण होती.

मग वाफेचा शोध. त्यांच्याबरोबर बॉयलरवर असलेल्या एका सोबत्याचा मुलगा, दिनेश, करी रोडच्या मागच्या गल्लीत लॉन्ड्री चालवतो. हॉस्पिटलच्या चादरी धुवायला त्याच्याकडे छोटा बॉयलर आहे. "काका, एकदाच हां," दिनेश म्हणाला. "भर दुपारी. नाहीतर लोक पोलीस बोलावतील." त्याच्या फिटरने भोंगा वाफेच्या पाइपवर बसवला. मी फोनवर नातवंडांना जागं करून बसवलं होतं, तिकडे पहाट होती. भावोजींनी घाई केली नाही. नळीत साचलेलं पाणी आधी निघू द्यायचं, भोंगा तापू द्यायचा. "तो आधी थुंकतो, मग बोलतो." त्यांनी साखळी जराशी ओढली. भोंगा खरोखरच थुंकला, आणि समोर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर गुलाबी ठिपके उडाले.

"काका, हॉस्पिटलच्या आहेत त्या," दिनेश कपाळाला हात लावून म्हणाला.

"मग काय झालं? हळदीकुंकू झालं त्यांचं," भावोजी म्हणाले आणि त्यांनी पुन्हा साखळी ओढली.

आवाज आला. पट्टी बरोबर होती, त्यांच्या तोंडावरूनच ते कळलं. पण लगेच त्यांनी साखळी सोडली. "बारका बोलत नाहीये." वाफ बंद केली, भोंगा निवला, पेला वर फिरवला. वाटीची फट एका बाजूला लालसर, दगडासारख्या थराने बुजलेली होती. दर दसऱ्याला सुमतीने वाहिलेलं हळदकुंकू तिथे साठत गेलं होतं, वरून पुसताना पाणी लागून घट्ट झालं होतं. बारक्याचा कप्पा नेमका त्याच बाजूला. आमच्याबरोबर आलेल्या शुभाने ओढणीची सेफ्टी पिन काढून दिली. भावोजी पिन हातात धरून तसेच बसून राहिले. मग त्यांनी वाटी जवळ घेतली आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाले, "सुमे, बाजूक हो गो जरा." आणि फट साफ करायला घेतली.

या वेळी तिघेही बोलले. मी शब्दांत काय सांगू? पहिल्या पहाटेचा तोच आवाज होता. भावोजींनी मान किंचित तिरकी केली. समोरच्या चाळीत एक म्हातारी गॅलरीत आली आणि तिने खाली विचारलं, "गिरणी सुटली काय रे?" रस्त्यावरून कोणीतरी म्हणालं, "केव्हाच, आजी." ती हसली, तरी आत गेली नाही, आवाज पुरता विरेपर्यंत कठड्याला धरून उभी राहिली.

आणि नातवंडांना काय ऐकू आलं? काहीच नाही. फोनमधल्या हुशार यंत्रणेने तो आवाज गोंगाट समजून गाळून टाकला. त्यांना वाफेचा ढग दिसला आणि तोंड उघडं टाकून बघणारी माणसं. मला फार वाईट वाटलं. भावोजी मात्र घाम पुसत म्हणाले, "बरं झालं. फोनवर ऐकायची वस्तू नाही ती. त्यांना म्हणावं, इकडे या. साखळी निषाद ओढेल, नळीतलं पाणी कधी निघालं ते इरा सांगेल. मी फक्त ऐकणार." तीच त्यांची-माझी शेवटची लांब भेट. नाताळच्या सुट्टीत मुलं येणार हे त्यांना कळलं होतं. तेवढं समाधान घेऊन ते गेले.

शुभाने भोंगा माझ्याकडे आणून ठेवला आहे. दिनेशने स्वतःहून फोन केला, "काकी, मुलं आली की सांगा. चादरी आत घेतो." यंदा घरात सण नव्हता. तरी दसऱ्याला मला राहवलं नाही. यंत्राला सुतक नसतं, असं मी माझ्यापुरतं ठरवलं. भोंगा पुसला, झेंडूची एक छोटी माळ घातली. कुंकवाची चिमूट घेऊन हात सवयीने वाटीकडे गेला... तो मी वर नेला आणि बोट पेल्याच्या माथ्यावर टेकवलं. फट मोकळी ठेवली आहे.